हॉकीच्या मास्तरांचा दाखला

आमच्या शाळेतली हॉकी एका बैलामुळे बंद पडली, असं गावात सांगतात. बैलाला बोलता येत नाही, म्हणून ते खपून गेलं. खरं काय झालं ते मला ठाऊक आहे, कारण त्यातलं निम्मं मी केलं आणि उरलेलं निम्मं माझ्या घरच्यांनी.

मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होतो. गाव भुसावळच्या पलीकडे, केळीच्या पट्ट्यातलं. शाळा सात खोल्यांची. ती चालवणारी कमिटी पाच जणांची, पाचही जण बागायतदार आणि पाचही जण एकमेकांचे कोणी ना कोणी. अध्यक्ष माझे चुलते; त्यांना आम्ही मोठे आबा म्हणायचो. माझे वडील, म्हणजे नाना, हेही कमिटीत होते. हेडमास्तर पुण्याकडचे, हुशार आणि भित्रे. कमिटीतला कोणी खोकला तरी ते उठून उभे राहत.

हॉकी आणली ती ड्रिलमास्तरांनी. ते साताऱ्याकडचे, पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले. डावा गुडघा वाकत नसे. पलटणीत ते हॉकी शिकले होते आणि जगात त्याहून मोठं काही आहे यावर त्यांचा विश्वास नव्हता. सही करण्यापलीकडे लिहिणं-वाचणं येत नव्हतं. लढाईवर असताना भावांनी जमीन आपल्या नावावर करून घेतली, म्हणून ते गावी परत गेले नाहीत; भुसावळला रेल्वेच्या गोदामावर पहारा करत होते, तिथून आमच्या शाळेत आले. मूलबाळ नव्हतं. शाळेच्या मागे हॉकीच्या सामानाची खोली होती, तिला लागून एक पडवी होती, त्या पडवीत ते आणि त्यांची बायको राहत. बाईंना आम्ही अक्का म्हणायचो.

सात वर्षं ते हंगामी होते. दर जूनमध्ये कमिटी त्यांना नवा हुकूम द्यायची आणि दर मे महिन्यात ते गप्प गप्प व्हायचे. शेवटी कमिटीनं शब्द दिला होता की दसऱ्यानंतर आमचा संघ भुसावळच्या रेल्वे शाळेशी खेळला आणि फार फजिती झाली नाही, तर मास्तरांना कायम करू. पन्नाशीला आलेल्या, गुडघा आखडलेल्या माणसाला दुसरीकडे कोण ठेवणार होतं? नोकरी गेली की पडवी जाणार होती. हे त्यांना माहीत होतं, अक्कांना माहीत होतं आणि आम्हा अकराही पोरांना माहीत होतं, कारण मास्तर ते लपवत नसत. सरावाला कोणी उशिरा आलं की ते म्हणायचे, माझ्या भाकरीवर पाय देऊ नको रे बाबा. आम्ही मागे त्यांची नक्कल करायचो. मी सर्वांत चांगली करायचो, गुडघ्यासकट.

माझ्यावर त्यांचा जीव होता. मी सेंटर हाफला खेळायचो आणि संघाचा कप्तान होतो. आमच्या स्टिका भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या साहेबांच्या पोरांनी टाकून दिलेल्या. चिरलेल्या स्टिकेला मास्तर केळीचं सोपट, म्हणजे खोडाची साल, भिजवून आवळून गुंडाळत, वरून सरस लावत. अशा बारा स्टिका होत्या. त्या ते रोज मोजून खोलीत ठेवत, मागच्या दाराला आतून कडी घालत, मग पुढच्या दारानं बाहेर येऊन कुलूप लावत. कडी घातल्यावर एकदा हातानं ओढून बघत. हे त्यांनी सात वर्षांत एकदाही चुकवलं नाही. खोलीच्या खिडकीचा एक गज मात्र सैल होता. तो वर उचलून बाजूला केला की माझ्यासारखा किडमिडा मुलगा आत शिरू शकत असे. सकाळी मास्तर यायच्या आधी मी असाच शिरून चांगली स्टिक स्वतःसाठी काढून ठेवायचो. हे मास्तरांना कधीच कळलं नाही.

खेळायचं मैदान गावच्या वेशीबाहेर होतं. मूळची ती पोळ्याची जागा. मास्तरांनी आम्हा पोरांकडून तिथं मुरूम टाकून घेतला, पाणी मारून रूळ फिरवला आणि दोन्ही टोकांना सातपुड्यातल्या सागाचे गोलपोस्ट रोवले. त्याच सुमाराला पोळ्याच्या तोरणाचे जुने खांब वाळवीनं खाल्ले. गावानं विचार केला की वेशीजवळचा गोलपोस्ट आयता उभा आहे, नवे खांब कशाला? तेव्हापासून दर पोळ्याला त्या गोलपोस्टला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं जायचं आणि मानाचा बैल आमच्या गोलमधून जायचा. मास्तरांना याचं कौतुक होतं. आपल्या गोलला गावानं हात जोडले असं ते म्हणायचे.

मानाचा बैल आमच्या घरचा. आजोबा होते तोवर प्रश्न नव्हता. ते गेल्यावर मोठे आबा आणि नाना यांची वाटणी झाली. विहीर वाटली, बागा वाटल्या, तांब्याचे हंडेसुद्धा वाटले. मान कसा वाटायचा हे कोणाला सुचेना. मोठे आबा म्हणायचे, थोरला मी. नाना म्हणायचे, आजोबांचा बैल माझ्या दावणीला आला, मान बैलाबरोबर आला. तीन वर्षं दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. कमिटीच्या बैठकीत हेडमास्तर मधे बसून एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगायचे, आणि दोघंही हाताच्या अंतरावर असायचे.

त्या वर्षी नानांनी तोड काढली. मैदानाला दोन टोकं आहेत, दोन गोल आहेत. वेशीजवळच्या गोलला मोठे आबा तोरण बांधतील, तर पलीकडच्या गोलला आपण बांधू. एकाच वाजंत्रीवर दोन्ही बैल दोन तोरणांखालून निघतील. पहिला कोण हे कोणाला ठरवता येणार नाही. हा तोडगा ऐकून आमच्या घरात सगळ्यांना नानांच्या अकलेचं नवल वाटलं. मलाही वाटलं. तोरणाखालून निघून बैल कुठं जातात याचा विचार कोणीच केला नाही. तोरणाखालून निघाले की बैल मारुतीला पळवत नेतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मारुतीचं देऊळ दोन्ही गोलांच्या बरोबर मधे, मैदानाच्या कडेला. म्हणजे दोन टोकांनी सुटलेले बैल मधेच एकमेकांवर येणार. एवढं न कळायला पिढ्यान्‌पिढ्यांचे पाटील असावं लागतं.

मास्तर त्या दिवशी गावात नव्हते. शाळेला पोळ्याची सुट्टी, रेल्वे शाळेला नाही, म्हणून सामन्याचा दिवस पक्का करायला ते सकाळच्या गाडीनं भुसावळला गेले होते. अक्का बायकांबरोबर बैलांची पूजा बघायला वेशीवर उभ्या होत्या.

वाजंत्री वाजली. दोन्हीकडून बैल सुटले, मागे दोन्हीकडची माणसं. आम्ही जिथं बुली करून, म्हणजे स्टिकेवर स्टिक आपटून, खेळ सुरू करायचो नेमक्या त्या जागी ते एकमेकांवर आले. शिंगात शिंग अडकलं, झुली फाटल्या, आमच्या गड्याला आबांच्या बैलानं पाडलं. कोणी तरी कोणाच्या तरी आईवरून शिवी दिली आणि मग माणसं बैलांना विसरली. पोळ्याच्या दिवशी कोणाच्या हाती चाबूक नसतो, काठी नसते. बैलाला त्या दिवशी बोटही लावायचं नाही, असा नेम आहे. त्यामुळे मारायला हाती काही नव्हतं. माझा थोरला भाऊ माझ्याकडे धावत आला. त्याचं नाक फुटलं होतं. तो एवढंच म्हणाला, स्टिका.

मी विचार केला नाही असं सांगून सुटायचं नाही मला. मी विचार केला. मला वाटलं, आपल्याला एक गोष्ट माहीत आहे जी कोणालाच माहीत नाही, आणि आज ती घरच्यांच्या कामी येते आहे. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. मी पळत शाळेमागे गेलो, गज काढून आत शिरलो, मागच्या दाराची कडी आतून उघडली आणि बाराही स्टिका भावाच्या आणि त्याच्यामागून आलेल्या आमच्याकडच्या गड्यांच्या हातात दिल्या. मग गज परत बसवला आणि मागच्या दारानं बाहेर आलो. दार तसंच उघडं राहिलं.

पुढचं पाच मिनिटांत झालं. आमच्याकडच्यांनी आबांकडच्यांना झोडपलं. आबांचा बैल, पांढराशुभ्र, शिंगांना हिंगूळ लावलेला, गोंधळून जागच्या जागी फिरत होता. माझ्या भावाला पुढं जायचं होतं आणि बैल आडवा येत होता. त्यानं दोन्ही हातांनी स्टिक उचलली, मास्तर आम्हाला कधीच नेऊ देत नसत तशी खांद्याच्या वर नेली, आणि बैलाच्या पुढच्या पायावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. बैल बसला. ते बघून सगळे थांबले. वाजंत्रीवाले मात्र लांब होते, त्यांना काही कळलं नाही, ते वाजवत राहिले.

पोळ्याच्या दिवशी बैलाला मारलं. आमच्याकडे यापेक्षा वाईट काही नाही. माणूस मारला असता तर कोर्टात निभावलं असतं. बैल चार दिवस आबांच्या गोठ्यात पडून होता. शेकलं, हळद-चुना लावला, पण त्यानं वैरण सोडली आणि पाचव्या दिवशी मेला. आबा त्याच्या गळ्यात पडून रडले. ते रडणं खरं होतं, हे मला सांगायला हवं, कारण पुढं त्यांनी जे केलं तेही तेवढ्याच खऱ्या मनानं केलं.

बैलाला बागेच्या बांधावर पुरलं त्या दिवशी नाना तिथं गेले. तीन वर्षांनी दोघं भाऊ बोलले. मी खड्ड्याची माती ओढत होतो, म्हणून मला सगळं ऐकू आलं. भावाचं लग्न ठरत होतं, यावलकडची मोठी सोयरीक. पोळ्याला बैल मोडणाऱ्या घरात मुलगी कोण देणार? तो नुसता आमच्या घराला नाही, साऱ्या भावकीला डाग. आबांच्याही दोन मुली लग्नाच्या होत्या. नाना म्हणाले, यापुढं मान तुमचा, तुमच्या पोरांचा, मी कधी तोंड उघडणार नाही. आबांनी मूठभर माती खड्ड्यात टाकली. मग म्हणाले, पण गाव इचारीन ना, बैल मोडला कोनी? नाना म्हणाले, काठीनं मोडला. आन काठी कोनाची?

एवढ्यावर दोघांचं जमलं. मास्तरांचं नाव त्या बांधावर कोणी उच्चारलंसुद्धा नाही, गरजच पडली नाही. घरी येताना नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तसा हात त्यांनी आधी कधी ठेवला नव्हता.

"तू इतकंच सांगजो, का मांगच्या दाराची कडी लावेल नव्हती. बाकी आमी पाहून घेऊ."

मी सांगितलं. कमिटी शाळेच्या मोठ्या वर्गात बसली होती, सतरंजीवर आबा आणि नाना शेजारी शेजारी. गावातले वीसेक जण दारात उभे. मास्तर फौजेतल्यासारखे ताठ उभे होते, गुडघ्यामुळे एका बाजूला कललेले. हेडमास्तरांनी मला विचारलं की स्टिका बाहेर कशा आल्या. मी म्हणालो, दार उघडंच होतं, कडी लावलेली नव्हती, पोरं आत शिरली. माझा आवाज जराही कापला नाही. मॅट्रिकची तोंडी परीक्षा असती तर मला चांगले मार्क मिळाले असते.

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ते म्हणतील की हा खोटं बोलतो. मी कडी ओढून बघतो, मी कधी विसरत नाही, असं ते म्हणतील. ते तसं म्हणाले असते तर मी कोलमडलो असतो, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. पण त्यांच्या चेहऱ्यावर रागच आला नाही. ते आठवू लागले. सकाळची गाडी, घाई, बूट, कडी. उजवा हात त्यांनी थोडा पुढं केला आणि हवेत कडी ओढल्यासारखा मागं घेतला. दोनदा केलं. दारातलं कोणीतरी हसलं. मग हात खाली पडला. त्यांना आठवेना. मी म्हणालो म्हणजे कडी राहिलीच असणार, कारण मी त्यांचा कप्तान होतो.

ते म्हणाले, चूक माझी. खुशाल शिक्षा करा, पण खेळ बंद करू नका, खेळानं काही केलं नाही. रेल्वे शाळेनं दिवस दिला आहे. तेवढा एक सामना होऊ द्या, मग मी आपण होऊन जातो. आबा म्हणाले, ज्या काठीनं बैल मोडला ती काठी या शाळेत राहणार नाही. गावकऱ्यांनी माना हलवल्या. कोणालाच दुसरं काही नको होतं. मास्तरांनी पगडी काढून सतरंजीच्या कडेला ठेवली. पाचांपैकी कोणी ती उचलून त्यांना परत दिली नाही, तेव्हा थोड्या वेळानं ती त्यांनीच उचलली. वाकताना त्यांचा गुडघा नेहमीसारखा अडला आणि माझ्या मागं उभ्या असलेल्या आमच्या गोलकीपरनं मला कोपरानं ढोसलं, नक्कल कर म्हणून.

हॉकी बंद झाली. संघातल्या एकाही पोरानं चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी आम्हालाच गोलपोस्ट उपटायला लावलं. साग चांगला होता, तो आबांच्या नव्या गोठ्याला गेला. स्टिका सुताराकडे दिल्या. त्यानं वाकडी टोकं कापून टाकली आणि सरळ दांड्यांच्या कुदळी-खुरप्यांच्या मुठी केल्या. मास्तरांनी गुंडाळलेलं सोपट सुटेना, म्हणून त्यानं ते चुलीवर धरून जाळलं. शाळेला आता नवं काहीतरी हवं, म्हणून हेडमास्तरांनी आट्यापाट्या सुरू केल्या. दसऱ्यापर्यंत आम्ही आट्यापाट्यांत रमलोही होतो. खरं सांगायचं तर मला हॉकीची आठवण फारशी आली नाही. मला भीती होती ती एकच, की मास्तरांना एखाद्या दिवशी कडी आठवेल.

मास्तरांना पंधरा दिवसांत पडवी सोडायला सांगितलं. त्यांनी हेडमास्तरांकडे दाखला मागितला. दुसरीकडे नोकरी मागायची तर सात वर्षांचा दाखला हवा. हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावलं. माझं इंग्रजी अक्षर शाळेत सर्वांत वळणदार होतं, त्यामुळे वरिष्ठांकडे जाणारे कागद ते माझ्याकडून स्वच्छ लिहून घेत. मसुदा त्यांचा होता. सात वर्षं ड्रिलमास्तर म्हणून काम केलं, असं पहिलं वाक्य. मग, या इसमाच्या हलगर्जीपणामुळे शाळेचं सामान दंगेखोरांच्या हाती गेलं, माणसं जखमी झाली आणि एक जनावर मेलं. मग, विद्यार्थ्यांची अगर मालमत्तेची जबाबदारी या इसमावर सोपवणं योग्य नाही. शेवटी सही आणि शिक्का. मी मान वर करून बघितलं. हेडमास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, उद्या शिक्षणखात्यानं विचारलं तर आपल्या दप्तरात आणि त्यांच्या हातात एकच मजकूर असायला हवा, अध्यक्षांची तशी इच्छा आहे. मग म्हणाले, अक्षर नीट काढा. मी काढलं. इतकं सुंदर अक्षर मी त्याआधी काढलं नव्हतं. मन दुसरीकडे जाऊ नये म्हणून मी प्रत्येक अक्षराकडे बघत होतो.

ते गेले त्या दिवशी मी स्टेशनवर गेलो. संघातलं दुसरं कोणी आलं नाही. गावाला वाटलं, कप्तानानं माणुसकी राखली. मी गेलो होतो ते त्यांना काही आठवलं आहे का, हे बघायला. प्लॅटफॉर्मवर एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी, ट्रंकेवर अक्का. मास्तरांनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, असं लिहायचा मोह होतो, पण ते खोटं आहे. मला हायसं वाटलं.

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून दाखला काढला. म्हणाले, इंग्रजीत आहे, हेडमास्तरांना वाचून दाखवा म्हणायची लाज वाटली. तू वाच, तुझ्या अक्कालाही ऐकू दे.

कागद माझ्याच अक्षरातला. त्यांनी ते अक्षर ओळखलं नाही. इंग्रजी अक्षर त्यांना सगळं सारखंच. मी कागद दोन्ही हातांत धरला आणि वाचू लागलो. सात वर्षं यांनी चोख काम केलं. शाळेला हॉकीचा नाद यांनी लावला. माणूस प्रामाणिक, वेळेचा पक्का. विद्यार्थ्यांची आणि मालमत्तेची जबाबदारी यांच्यावर डोळे मिटून सोपवावी. मला वाचताना अडखळायला झालं नाही, कारण एकेक वाक्य मी उलटं करत होतो. अक्कांनी पदर डोळ्यांना लावला. मास्तर म्हणाले, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. ते ओठ हलवून पाठ करत होते.

"कडी माझ्या हातनं ऱ्हायली, पोरा," ते म्हणाले. "तरी बी त्यांनी असं लिवलं. मानसं वाईट न्हाईत ही."

मी मान डोलावली. दाखल्याशिवाय गेले असते तर कदाचित कुठंतरी तोंडी सांगून त्यांना पहाऱ्याचं काम मिळालं असतं. आता ते जिथं जातील तिथं सर्वांत आधी हा कागद पुढं करणार होते. हे मला तेव्हा, तिथं, त्या प्लॅटफॉर्मवर कळलं होतं. मी कागद नीट घडी घालून त्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, जपून ठेवा. गाडी आली. त्यांनी मला सलाम ठोकला, फौजेतला, पूर्ण. मी त्यांचा विद्यार्थी, त्यांनी मला सलाम करायचं काही कारण नव्हतं.

माघात भावाचं लग्न झालं. दोन्ही घरांनी एकत्र केलं, आबांनी मांडवात नानांचा हात धरून पाहुण्यांना ओळख करून दिली. त्याच आठवड्यात मला भुसावळहून एक कार्ड आलं. स्टेशनबाहेरच्या कोणा लिहिणाऱ्याकडून लिहवून घेतलेलं, मोडक्या मराठीत. मास्तरांनी लिहवलं होतं की रेल्वे शाळेत गेलो, कापसाच्या जिनात गेलो, पोलिसांत गेलो, दोन साहेबांच्या बंगल्यावर गेलो. सगळीकडे दाखला दाखवतो. साहेब वाचतात, एकदा माझ्याकडे बघतात आणि कागद परत देतात. कोणी काही बोलत नाही. साहेबाला तोंडावर कसं विचारायचं? अक्काला खोकला झाला आहे, आम्ही धर्मशाळेत आहोत. तुला इंग्रजी येतं म्हणून विचारतो, त्या दाखल्यात एखादी गोष्ट लिहायची राहून गेली आहे का? राहिली असेल तर हेडमास्तरांना माझा नमस्कार सांगून एक ओळ वाढवून घेता येईल का?

कार्ड दोन दिवस माझ्या वहीत होतं. खरं लिहिलं असतं तर त्यांनी तो कागद फाडून टाकला असता आणि कदाचित कुठं उभं राहायला जागा मिळाली असती. पण मग त्यांनी विचारलं असतं, तू त्या दिवशी खोटं का वाचलंस, आणि तिथून कडीपर्यंत यायला त्यांना वेळ लागला नसता. घरात नवी वहिनी आली होती. नाना मला पुण्याला कॉलेजात पाठवायचं म्हणत होते.

तिसऱ्या दिवशी मी एक कार्ड आणलं आणि धर्मशाळेचा पत्ता वळणदार अक्षरात लिहिला. मजकूर थोडाच होता. दाखल्यात काही राहिलेलं नाही, सगळं उत्तम लिहिलं आहे, सगळीकडे दाखवत राहा.